परशुराम : एका डाकोटाची पुनर्बांधणी

डाकोटा हे अमेरिकेच्या डग्लस कंपनीने बनवलेल्या डीसी-३ या प्रवासी विमानाचे लष्करी रूप. मूळ विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. डाकोटा हे नाव ब्रिटिश हवाई दलाचे. भारतात तेच रुळले.

भारताच्या इतिहासात या विमानाला स्थान मिळाले ते २७ ऑक्टोबर १९४७ रोजी. त्या सकाळी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या नेतृत्वाखाली शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान डाकोटांतून दिल्लीहून श्रीनगरला उतरले. बारामुल्ला पाकिस्तानातून काश्मीरवर चालून आलेल्या टोळीवाल्यांच्या हाती पडले होते आणि श्रीनगरची धावपट्टी गेली असती तर हवाईमार्गे कुमक पोचवणे अशक्य झाले असते. राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले, पण धावपट्टी वाचली. श्रीनगरला सर्वांत आधी टेकलेले विमान म्हणून व्हीपी ९०५ क्रमांकाच्या डाकोटाचे नाव घेतले जाते. पुढे मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डाकोटा लेहच्या साडेअकरा हजार फुटांवरील कच्च्या पट्टीवर उतरवले. केबिनमधील हवेचा दाब राखण्याची सोय नसलेल्या विमानाने हिमालयाच्या रांगा ओलांडणे हे विलक्षण साहस होते.

आज हवाई दलाकडे उडत्या स्थितीत असलेला डाकोटा मात्र तो नव्हे. हे १९४४ चे, ब्रिटिश हवाई दलात आणि नंतर नागरी सेवेत राहिलेले दुसरे विमान. २०११ मध्ये भंगारात निघालेले हे विमान खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतले. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, डाकोटाचे वैमानिक होते. विमान हवाई दलाला भेट देण्याचा राजीव यांचा प्रस्ताव तेव्हाच्या सरकारने स्वीकारला नाही; गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्याला होकार मिळाला. पहिल्या विमानाच्या स्मरणार्थ त्यावर व्हीपी ९०५ हाच क्रमांक रंगवला गेला आणि नाव ठेवले परशुराम. क्रमांक स्मरणाचा आहे, विमान वेगळे आहे, हे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगितले जावे. त्याने या विमानाचे मोल कमी होत नाही.

दुरुस्ती इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे झाली. संग्रहालयात ठेवायचे विमान रंगरंगोटीने सजवता येते. उडवायच्या विमानात लपलेली प्रत्येक जागा तपासावी लागते. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तिथे ओल मुरते आणि पांढरी भुकटी धरते. वरून गुळगुळीत दिसणारा पत्रा आतून पोखरलेला असू शकतो. अशा ठिकाणी रिव्हेटची डोकी एकेक करून ड्रिलने उडवायची, खराब भाग कापायचा आणि नवा पत्रा बसवायचा. रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात : एक बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी हातोडी चालवतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा दाबून धरतो. विमानाच्या अरुंद शेपटीत हा ठोकळा धरणाऱ्याचे काम फार कष्टाचे. सुकाणू आणि पंखांच्या कडेचे हलते भाग कापडाने मढवलेले असतात. ते कापड सांगाड्याला दोऱ्याने शिवून वर रोगणाचे थर द्यावे लागतात.

दोन्ही इंजिने चौदा सिलिंडरांची, प्रत्येकी सुमारे बाराशे अश्वशक्तीची. सिलिंडर वर्तुळात रचलेले असल्याने विमान उभे असताना खालच्या सिलिंडरांत तेल झिरपते. त्या अवस्थेत इंजिन सुरू केले तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. म्हणून उड्डाणापूर्वी कर्मचारी प्रॉपेलर हाताने फिरवतात. अडथळा जाणवला, तर जोर न लावता प्लग काढून तेल वाहू द्यायचे, हा नियम.

१३ फेब्रुवारी २०१८ रोजी दिल्लीत हवाई दलप्रमुख धनोआ यांनी विमानाचे बक्षीसपत्र स्वीकारले. एप्रिलमध्ये परशुराम कॉव्हेन्ट्रीहून निघाला आणि युरोप व पश्चिम आशियात मुक्काम करत जामनगरला भारतात उतरला. दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ४ मे रोजी तो रीतसर दाखल झाला. टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही जुनी प्रशिक्षण विमाने हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात आधीपासून होती.

डाकोटाबाबत हे जमले त्याचे मोठे कारण त्याची संख्या. जगात अजून सुटे भाग मिळतात, इंजिने उघडणारे कारागीर आहेत, माहितीपुस्तिका टिकल्या आहेत. १९३३ मध्ये कराचीत हवाई दलाचा पहिला स्क्वाड्रन ज्या वापिटी विमानांवर उभा राहिला, त्यांच्या वाट्याला हे आले नाही. पूर्ण अवस्थेतील एकच वापिटी उरले आहे आणि ते पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. एकुलते एक विमान आकाशात नेण्याचा धोका कोणी पत्करू नये; ते दालनातच राहणे योग्य.