पार्कलँड गोल्फ मैदान

पार्कलँड गोल्फ मैदान म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून दूर, अंतर्भागातील जमिनीवर मोठी झाडे, हिरवळ व तळी राखून आखलेले गोल्फचे मैदान. मराठीत त्यास 'उद्यान-मैदान' म्हणता येईल, परंतु खेळणाऱ्यांत मूळ शब्दच रूढ आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकाडांत विकसित झालेल्या 'लिंक्स' मैदानांहून हा प्रकार वेगळा आहे. लिंक्सवर खेळाडूची परीक्षा प्रामुख्याने वारा घेतो, पार्कलँडवर ती झाडे घेतात. महाराष्ट्रात मुंबईतील चेंबूर आणि पुण्यातील येरवडा येथील जुनी मैदाने या वर्गात मोडतात.

== उगम ==
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोल्फ किनारा सोडून शहरांकडे आला. वाळूमिश्रित जमिनीत पाणी चटकन मुरते आणि गवत आखूड राहते. अंतर्भागातील भारी जमिनीत मात्र गवत दाट वाढते व पावसात चिखल होतो. एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याचे यंत्र तयार केले. अशा यंत्रांचा प्रसार झाला नसता, तर हा प्रकार रुजला असता की नाही, याची शंकाच आहे. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे १९३३ मध्ये सुरू झालेले मैदान पार्कलँडचा सर्वाधिक प्रसिद्ध नमुना होय. ते एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर उभे असून त्याच्या प्रत्येक टप्प्याला एकेका झाडाचे वा झुडुपाचे नाव आहे. भारतात गोल्फ त्याआधीच आला होता. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ ची असून ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो.

== अवघडपणाचे स्वरूप ==
गोल्फमध्ये 'टी' या आरंभस्थानावरून चेंडू 'फेअरवे' या कापलेल्या पट्ट्यावर टाकायचा, तेथून 'ग्रीन' या अतिशय आखूड गवताच्या भागावर न्यायचा आणि १०८ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात घालायचा असतो. अशा १८ टप्प्यांची एक फेरी होते. पार्कलँड मैदानाचा अवघडपणा त्याच्या लांबीवरून कळत नाही, हे नवख्या खेळाडूच्या सहसा उशिरा ध्यानात येते. फेअरवे रुंद दिसतो, पण ग्रीनकडे जाणारी मोकळी वाट त्याच्या एकाच अंगाने असते. दुसऱ्या अंगाला पडलेला चेंडू फेअरवेवर असूनही एखाद्या फांदीआड जातो. कोपरात वाकवलेल्या हातासारखा वळणारा टप्पा 'डॉगलेग' म्हणून ओळखला जातो. तेथे टीवरून ग्रीन दिसतच नाही. फटका कमी पडला तर वळणापलीकडचे दिसत नाही आणि जास्त पडला तर चेंडू समोरच्या झाडीत शिरतो.

झाडीत गेलेल्या चेंडूबाबत दोन मोह टाळावे लागतात. पहिला, दोन बुंध्यांमधील फटीतून थेट ग्रीनकडे मारण्याचा. चेंडू आडवा मारून फेअरवेवर परत आणला तर बहुधा एकच फटका वाया जातो. फटीतला नेम चुकला तर दोन-तीन जातात. दुसरा मोह शोधत राहण्याचा. २०१९ पासून चेंडू शोधण्यास पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. त्या वेळेत तो सापडला नाही, तर एक दंडाचा फटका सोसून आधीच्या जागेवरूनच पुन्हा खेळावे लागते. म्हणून चेंडू हरवल्याची शंका येताच, पुढे जाण्यापूर्वी तसे जाहीर करून दुसरा 'तात्पुरता' चेंडू खेळून ठेवणे शहाणपणाचे. चेंडू सापडला पण बुंध्याला टेकून असला, तर तो 'अखेळ्य' ठरवून एका दंडाच्या बदल्यात दोन काठ्यांच्या लांबीच्या आत, छिद्राच्या जवळ न सरकता, खाली टाकता येतो.

दिल्ली गोल्फ क्लबचे लोदी मैदान हे या शिस्तीचे भारतातील ठळक उदाहरण आहे. तेथील फेअरवे अरुंद असून कडेला काटेरी झुडुपांची दाट झाडी आहे. मधूनच जुन्या वास्तूही उभ्या आहेत. अनेक टप्प्यांवर व्यावसायिक खेळाडूही सर्वांत लांब पल्ल्याची काठी पिशवीतच ठेवतात. लांब फटक्यांसाठी नव्हे, तर ग्रीनजवळच्या नाजूक खेळासाठी ओळखले जाणारे एस. एस. पी. चौरसिया यांनी २०१६ ची इंडियन ओपन स्पर्धा याच मैदानावर जिंकली. त्यांचे वडील कोलकात्याच्या मैदानावर हिरवळ राखण्याचे काम करीत.

== हरळी, काळी माती आणि ऋतू ==
उष्ण प्रदेशांतील मैदानांवर जगभर 'बर्म्युडा' नावाचे जे गवत लावतात, ते म्हणजे आपली हरळी, अर्थात गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. किंवा तिच्यापासून तयार केलेले संकरित वाण. हरळीला कडक ऊन मानवते, सावली मानवत नाही. पार्कलँड मैदानातील मूळ विरोध येथेच आहे: ज्या झाडांमुळे मैदानाला शोभा येते, त्यांच्याखालीच गवत विरते आणि चेंडू उघड्या, टणक जमिनीवर पडून राहतो. अशा जागेवरून काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागली की फटका फसतो.

हरळीच्या ग्रीनवर गवताची पाती एका दिशेला झुकलेली असतात. पात्यांच्या कलाने ढकललेला चेंडू वेगाने जातो, उलट दिशेने ढकललेला लवकर थांबतो. उभे राहून पाहता गवत चकचकीत दिसले तर कल आपल्यापासून दूर, गडद दिसले तर आपल्याकडे, असा ठोकताळा आहे.

नागपूर व उर्वरित विदर्भातील काळी जमीन गोल्फच्या दृष्टीने कठीणच. पावसाळ्यात ती फुगते व पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्यामुळे अशा जमिनीवर ग्रीन करताना वरची माती काढून वाळूचा थर व निचऱ्याची नळयोजना करावी लागते. नागपुरात वर्षाला सुमारे १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांवर जातो. चार तासांची फेरी अशा दिवसांत पहाटेच सुरू करावी लागते. टणक जमिनीवर चेंडू पडल्यानंतर बराच घरंगळतो, म्हणून उन्हाळ्यात मैदान आखूड वाटते; पण तोच घरंगळणारा चेंडू झाडीतही पोहोचतो. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या छावण्यांत पूर्वी ग्रीनऐवजी तेल शिंपडलेल्या वाळूचे 'ब्राऊन' असत.

== पाहुण्याचा खेळ ==
परगावच्या मैदानावर खेळणाऱ्याला आपला हँडिकॅप तेथील अवघडपणानुसार बदलून घ्यावा लागतो. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत प्रत्येक मैदानाला ५५ ते १५५ दरम्यान 'स्लोप' अंक दिलेला असतो. ११३ हा सर्वसाधारण मानला जातो. मैदानाचा मूल्यांक व 'पार' समान असल्यास, १८ हँडिकॅपच्या खेळाडूला १३५ स्लोपच्या मैदानावर १८ गुणिले १३५ भागिले ११३, म्हणजे सुमारे २२ फटक्यांची सवलत मिळते. हे चार फटके उपकार नव्हेत. त्या मैदानाने जेवढे घ्यावे असे गणित सांगते तेवढेच ते असतात. ते नाकारून पहिल्याच भेटीत सर्वांत मागच्या टीवरून खेळण्याचा हट्ट धरणारे पाहुणे कमी नाहीत. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी १९३२ मध्ये रूढ केलेली गुणपद्धती पाहुण्यास विशेष सोयीची आहे, कारण एखादा टप्पा पुरता बिघडला तर त्याचे शून्य गुण घेऊन पुढे जाता येते.

गुणपत्रिकेच्या मागे छापलेले स्थानिक नियम खेळण्यापूर्वी वाचावेत. जमिनीच्या भेगा, नवी लावलेली रोपे यांबाबत विनादंड सवलत असली, तर ती तेथेच नोंदलेली असते.

== प्रवेश आणि कॅडी ==
महाराष्ट्रातील बहुतेक जुनी मैदाने सभासदांच्या क्लबांची आहेत. मुंबईचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब (१९१८) भारतीय व युरोपीय दोघांनाही सभासदत्व देण्याच्या हेतूने स्थापन झाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. अशा ठिकाणी बाहेरच्या व्यक्तीला सहसा सभासदाबरोबर किंवा संलग्न क्लबाच्या ओळखीने, 'ग्रीन फी' भरून खेळता येते. सिडकोने खारघर येथे उभारलेले मैदान मात्र सार्वजनिक आहे. १८ टप्प्यांच्या मैदानाला ४० हेक्टर वा त्याहून अधिक जमीन लागते. शहरातील एवढी जागा आणि तिच्यावरील पाणी थोड्यांच्या खेळासाठी असावे काय, हा आक्षेप गैरलागू म्हणता येत नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे हे त्यावरील अर्धेच उत्तर आहे, कारण त्याने पाण्याचा प्रश्न सुटतो, जमिनीचा नाही.

पाहुण्याला मैदान खऱ्या अर्थाने उलगडते ते कॅडीमुळे. पिशवी वाहणे हा त्याच्या कामाचा दिसणारा भाग. कोणत्या झाडाच्या शेंड्यावर नेम धरायचा, वळणापलीकडे काय आहे, ग्रीनचा उतार डोळ्याला कुठे फसवतो, हे ज्ञान त्याच्यापाशी असते आणि ते कोणत्याही नकाशात नसते. त्याचे मानधन बहुधा ग्रीन फीमध्ये धरलेले नसते, म्हणून ते आधीच विचारून घ्यावे. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी म्हणून काम केलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये त्याच मैदानावर इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत. १९९३ मध्ये त्यांनी ही स्पर्धा पुन्हा जिंकली.