शिपायाच्या हातांतील कॅमेरा

लढाईचा इतिहास सेनापतींच्या खलित्यांवरून लिहावयाचा, अशी रीत फार दिवस चालत आली. १९१२ सालीं कोडॅक कंपनीनें खिशांत मावणारा कॅमेरा विकावयास काढला, आणि दोनच वर्षांनीं पहिलें महायुद्ध पेटलें. तेव्हांपासून साध्या सैनिकानें स्वतः टिपलेल्या छायाचित्रांची इतिहाससाधनांत भर पडली. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनीं आघाडीवर खासगी कॅमेरा बाळगण्यास बंदी केली. पण ती पुरती पाळली गेली नाहीं.

कन्हानच्या कांठीं १८२१ सालीं वसलेल्या कामठीच्या छावणीचा विचार करतां आमच्यापुढें प्रश्न उभा राहतो तो हा कीं, या साधनांत आपला शिपाई कोठें आहे? ६ नोव्हेंबर १९१४ रोजीं हिंदी फौज फाव येथें उतरली व मेसोपोटेमियावरील स्वारीस आरंभ झाला. तींत ११७ वी मराठा पलटण होती. पुढें कूतच्या वेढ्यांत १०३ व ११० या मराठा पलटणी सांपडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्य शरण गेलें. त्या वेढ्यांतून वांचलेल्या एका हिंदी शिपायाचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. बरगड्या मोजून घ्याव्या, असा तो देह! पण तें चित्र दुसऱ्यानें काढलेलें. कॅमेरा बहुधा गोऱ्या अधिकाऱ्याच्या हातीं असे. आपला शिपाई भिंगासमोर उभा. फ्रान्समधील हिंदी शिपायांचें मनोगत थोडेंबहुत कळतें, तेंहि सरकारी तपासनिसांनीं त्यांच्या पत्रांतील उतारे भाषांतर करून ठेवले म्हणून.

उलट, १९४१ सालीं रशियावर चालून गेलेल्या जर्मन सैनिकांजवळ कॅमेरे विपुल होते. नद्या, रणगाडे व सोबती यांबरोबर फांसावर लटकविलेलीं माणसेंहि त्यांनीं टिपलीं. अशीं चित्रें १९९५ सालीं हांबुर्ग येथें प्रदर्शनांत मांडलीं गेलीं, तेव्हां लष्कर निष्कलंक होतें, या जुन्या समजुतीस मोठा हादरा बसला. तथापि कांहीं चित्रांखालील मजकूर चुकीचा निघाला. जर्मनांच्या माथीं मारलेले कांहीं मृतदेह वस्तुतः सोव्हिएत पोलिसांचे बळी होते. १९९९ सालीं प्रदर्शन मागें घेऊन तपासणी करावी लागली व २००१ सालीं तें नव्या रूपानें पुन्हा उघडलें. मुख्य निष्कर्ष मात्र टिकला.

सारांश, चित्र डोळ्यांनीं पाहिलें एवढ्यानें तें कळलें असें होत नाहीं. तें कोणीं, केव्हां, कोणासाठीं काढलें, हें विचारावेंच लागतें. ज्यांच्या घरीं पलटणींत गेलेल्या आजोबा-पणजोबांचें छायाचित्र असेल, त्यांनीं त्याच्या पाठीवर नांव, गांव, पलटण व साल आजच लिहून ठेवावें. माहितगार वडील माणूस गेल्यावर तें लिहिणारें कोणी उरत नाहीं.