उसळी आवरणारा नट
१/४ खडबडीत वाटेवरचा दणका स्प्रिंग झेलते, पण लगेच उसळून परतही देते. चाक जमिनीवरून सुटले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. ही उसळी जिरवतो शॉक ॲब्सॉर्बर.

२/४ विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सचे त्रुफो व अमेरिकेचे हार्टफर्ड यांनी घर्षणचकत्यांचा शॉक ॲब्सॉर्बर रूढ केला. नट आवळला की तो कडक होई. सैल केला की मऊ. मात्र घर्षणाला वेग कळत नाही. बारीक खडीचे हादरेही आत पोहोचत.

३/४ तेलाच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये हालचाल जितकी वेगवान, तितका विरोध अधिक. तरी आराम आणि ताबा यांतली निवड चालकाला आधीच करावी लागे.

४/४ २०१९ च्या फोर्ड रॅप्टर पिकअपमध्ये ती निवड संगणकाकडे गेली: धावत्या गाडीतच तेलाच्या झडपा बदलू लागल्या. पाना सुटला, तडजोड उरली.