वर्तनसमस्या, बालकांतील : उपचार व पालक-प्रशिक्षण (यवतमाळ जिल्हा)

मुलाचा आक्रस्ताळेपणा, मारामारी, मोडतोड किंवा टोकाचा चंचलपणा महिनोन् महिने टिकून शिक्षण व नातेसंबंध बिघडवू लागला, की ती वर्तनसमस्या ठरते. तिचा पहिला उपचार पालकांना शिकवणे हा असावा. अमेरिकेतील ओरेगन येथे जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांतील व्यवहार टिपून यामागचे चक्र दाखवले: मूल हट्टाने रडते, पालक थकून मागणी पुरवतात आणि हट्ट पक्का होतो, पालक मारतात, मूल क्षणभर गप्प बसते आणि मारण्याची सवय पक्की होते. म्हणून प्रशिक्षणात चांगल्या वागण्याची लगेच दखल घेणे, सूचना थोडक्यात व स्पष्ट देणे, किरकोळ त्राग्याकडे दुर्लक्ष करणे आणि ठरलेला परिणाम न मारता अमलात आणणे यांचा प्रत्यक्ष सराव करून घेतात. नुसता उपदेश येथे कुचकामी ठरतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2013 ची मार्गदर्शिका 3 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी हाच मार्ग सुचवते. अशा वर्तनावर सरसकट औषधे देऊ नयेत, असेही सांगते.

यात पालकांना दोषी धरले जाते, हा आक्षेप चुकीचा आहे. चक्रात दोघेही अडकलेले असतात आणि ते तोडण्याची ताकद मोठ्यांकडे अधिक असते. अतिचंचलतेच्या तीव्र विकारात अनेकदा औषध लागते, हे मात्र खरे. मतिमंदत्व, श्रवणदोष, अपस्मार यांची तपासणीही आधी व्हायला हवी. त्यासाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत मुले तपासतात. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, पण उमरखेड किंवा झरी जामणीच्या मजूर आईला दर आठवड्याला रोजी बुडवून तिथे येणे परवडणारे नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत पालकांना वेळ कुठला, हा आक्षेप त्यामुळे सर्वांत वजनदार. त्याचे उत्तर प्रशिक्षण गावात, संध्याकाळी, आशा व अंगणवाडी सेविकांमार्फत नेणे हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही विकासविलंब असलेल्या मुलांच्या पालकांसाठी तज्ज्ञेतर कार्यकर्त्यांनी चालवायचा अभ्यासक्रम तयार केला आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशा घरोघरी नैराश्याची विचारपूस करू लागल्या. खचलेल्या बापाची चौकशी करताना त्याच घरातल्या मुलाच्या वागण्याबद्दलही विचारायला हवे, कारण पालकाचे नैराश्य आणि मुलाचे बिघडलेले वर्तन पुष्कळदा एकत्र आढळते. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरांत हा सराव त्यांच्याच बोलीत घ्यावा लागेल.