गोखल्यांनी धरलेला आरसा

राष्ट्राराष्ट्रांची तुलना करणारे आकडे प्रसिद्ध झाले की आपण एक तर खाली मान घालतो, नाही तर ते काढणाऱ्यालाच दोष देतो. या दोहोंहून निराळी वाट एका मराठी माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखविली होती.

१६ मार्च १९११ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यासाठी त्यांनी जगाचा हिशेब सभागृहापुढे ठेवला. अमेरिकेत लोकसंख्येपैकी शेकडा २१ जण प्राथमिक शिक्षण घेत होते, जपानात ११. ब्रिटिश हिंदुस्थानात अवघे १.९. जपानने तर राष्ट्रीय शिक्षणपद्धतीचा पाया १८७२ साली घातला होता. ‘आपले लोक अजून तयार नाहीत’ या सबबीचे उत्तर घरातच होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे शिक्षण १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानास लागू केले होते. माणसे तीच, माती तीच. निर्धार तेवढा निराळा.

गोखल्यांची मागणी माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना, तीही स्थानिक संस्थांची इच्छा असेल तेथेच, सक्ती व्हावी. खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने उचलावा, उरलेला स्थानिक संस्थांनी. प्रसंगी त्यासाठी करही बसवावा. म्हणजे आरसा सरकारपुढे होता, तसाच आपल्या लोकांपुढेही होता.

१९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. विरोध केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांचा नव्हता. शेतावर राबणारे हात शाळेत जातील, ही धास्ती काही हिंदी जमीनदारांनाही होती. विधेयक पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी तक्रार केली नाही. १९१५ साली ते निवर्तले. तीनच वर्षांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला.

१९५१ च्या जनगणनेत शेकडा १८ लोक साक्षर होते, २०११ मध्ये ७४. शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांच्या पराभवानंतर ९८ वर्षांनी. ही प्रगती खरी आणि हा विलंबही खरा.

वाचकहो, परदेशाचे आकडे वाचताना एक प्रश्न स्वतःलाही विचारू या : आपल्या गावच्या शाळेची पायरी आपण शेवटची केव्हा चढलो?