हाली, कलदार आणि सराफाचा बट्टा

जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात चारमिनार छापाचा निजामी रुपया उचलून भाव विचारला, की पुष्कळदा दोन आकडे ऐकू येतात. एक रोखीचा, दुसरा कार्डाचा. दोहोंत साधारण दोन टक्क्यांचे अंतर असते. गिऱ्हाईक कुरकुरते, विक्रेता यंत्राकडे बोट दाखवतो. गंमत अशी, की ज्या रुपयावरून ही घासाघीस चालते, तो रुपया स्वतःच शंभर वर्षे याच प्रश्नाखाली भरडला गेला होता : पैसे एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचा खर्च कोणी सोसायचा? आजचा धागा त्या रुपयाचा आणि कंधार-नांदेड-लातूरच्या मुलखात त्याच्यावर बसणाऱ्या बट्ट्याचा.

प्रथम शब्द पाहू. ‘बट्टा’ म्हणजे नाणे बदलताना किंवा स्वीकारताना त्याच्या दर्शनी किमतीतून केलेली कपात. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आज म्हणतो, ते मुळात सराफाच्या गादीवरचे बोलणे आहे. ‘खणखणीत नाणे’, ‘चलनी नाणे’, ‘पारखून घेणे’ ही सगळी भाषा तिथलीच. ज्या समाजात प्रत्येक रुपया वाजवून, घासून, तोलून घ्यावा लागे, त्याच समाजात माणसाची परीक्षा नाण्याच्या शब्दांत होऊ शकते.

एवढी पारख लागे, कारण रुपया एक नव्हता. मुघल टांकसाळीची रीत अशी, की चालू सालाचा शिक्का पूर्ण मोलाचा आणि जुन्या सालांचे रुपये थोडे कमी मोलाचे. मुघल सत्ता विस्कळीत झाल्यावर टांकसाळी वाढत गेल्या. पेशव्यांच्या मुलखात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे रुपये एकाच बाजारात फिरत. निजामाच्या राज्यातही सरकारी टांकसाळींबरोबर खासगी टांकसाळी चालत. प्रत्येकीचे वजन वेगळे, चांदीतली भेसळ वेगळी. म्हणून गावगाड्यात पोतदार हा नाण्यांचा पारखी असे. तो बहुधा सोनार. रुपया खरा की खोटा, आणि खरा असल्यास कितीचा, हे तो सांगे.

हैदराबादेत ही व्यवस्था आवरण्याचे काम पहिल्या सालारजंगाने केले. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे तो दिवाण होता. त्याने नाणेपाडणी राजधानीत एकवटली आणि पुढे आला तो ‘हाली शिक्का’. हाली म्हणजे सध्याचा, चालू. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बादशहाचे नाव नाण्यावरून गेले आणि आसफजाहचे आले. चारमिनारचे चित्र मात्र पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर नाणी पडू लागल्यावर उमटले.

शेजारी इंग्रजी मुलूख होता. पश्चिमेला नगर-सोलापूर, उत्तरेला वऱ्हाड, जो १८५३ मध्ये कंपनीने कारभारासाठी आपल्याकडे घेतला. तिथे चाले तो ‘कलदार’. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, दातेरी कडेचा रुपया. ती कड दिसायला नुसती नक्षी, पण तिचे काम मोठे होते : कोणी काठ खरवडून चांदी काढली तर लगेच दिसे. १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात हाच एक रुपया, १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळा.

आता थोडे गणित. कलदारात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन शुद्ध. चारमिनारी हाली रुपया सुमारे १७२.५ ग्रेनचा आणि त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १४१ ग्रेन. १६५ ला १४१ ने भागा. उत्तर येते जवळजवळ १.१७. सहा कलदारांत जेवढी चांदी, तेवढी सात हालींत. पुढे सरकारी हिशेबात रूढ झालेला दर हाच : सात हाली बरोबर सहा कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा विचित्र आकडा लहरीने ठरलेला नव्हता. तो धातूतून आला होता.

मग बट्ट्याबद्दल तक्रार कशाची? तक्रार इथून सुरू होते. सातास सहा हा धातूचा हिशेब झाला. सराफ त्या दरावर थांबत नसे. थांबला असता तर त्याचे पोट कसे भरावे? गादी, मुनीम, वाटेतली जोखीम, अडकून पडलेले भांडवल आणि वर नफा हे सारे तो दरातच मिसळी. समजा तो कलदार विकताना शंभरास ११८ हाली घेतो आणि परत घेताना ११५ देतो. एखादा माणूस ११८ हाली घेऊन सोलापूरकडे निघाला, काम झाले नाही म्हणून शंभर कलदार तसेच घेऊन परतला, तर हाती ११५. काही विकत घेतले नाही, काही विकले नाही, आणि तीन रुपये गेले. शेकडा अडीच. हा दाखला माझा, केवळ समजुतीसाठी. पण आजच्या क्रेडिट कार्डाचा आकार याच्याच आसपास असतो हे ध्यानात घ्या.

कुणब्याला यातला भेद कळू शकत नव्हता, हे मला सर्वांत गंभीर वाटते. त्याला ‘बट्टा’ हा एकच शब्द ऐकू येई. त्या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी होत्या : चांदीतला खरा फरक, झिजेबद्दलची कपात आणि सराफाची मजुरी. पहिली न्याय्य, दुसरी तपासता येण्याजोगी, तिसरी सराफाच्या मर्जीवर. तिन्ही एकत्र सांगितल्या की तिसरी किती फुगली हे कोण मोजणार? भाव हालीत सांगितला की कलदारात, हे सौदा होण्याआधी विचारणारा शहाणा. सौद्यानंतर विचारणाऱ्याची सुटका नसे.

कंधार हे मन्याड खोऱ्यातले किल्ल्याचे जुने गाव, रेल्वेपासून दूर. पण पैशाच्या दोन जाती तिथवर पोचण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. गोदावरी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादला जोडली गेली. म्हणजे मनमाडला इंग्रजी मुलूख आणि नांदेडला निजामी. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या कनवटीला कलदारच असणार. कंधारच्या शेजारी माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट विकायला दूरदूरचे व्यापारी येतात. जनावराचा सौदा रुमालाखाली बोटांनी होई, पण बोटे हालीची की कलदाराची हे आधी ठरवावेच लागे. लातूरचा माल बार्शीकडे जाई. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि ती वाट आणखी रुंद झाली.

दुकानदारापुढे तीन मार्ग होते, आणि आजच्या नाणेविक्रेत्यापुढेही तेच तीन आहेत. दोन भाव सांगायचे; एकच भाव सांगून बट्टा आतच मुरवायचा; किंवा एकाच नाण्याचा हट्ट धरायचा. पहिल्यात प्रामाणिकपणा आहे, पण गिऱ्हाईक दुखावते. दुसऱ्यात गोडी आहे, पण रोख देणारा कार्डवाल्याचा आकार नकळत भरतो. तिसऱ्यात गिऱ्हाईकच जाते. कोणता मार्ग निवडायचा हे नफ्याच्या जाडीवर ठरते. दुर्मीळ नाण्यावर सुटणारा नफा मोठा असतो. त्यात दोन टक्के विरघळून जातात. चांदीच्या भावाने विकल्या जाणाऱ्या झिजक्या रुपयांवर नफाच दोन-तीन टक्क्यांचा. तिथे कार्ड घेतले की विक्रेता फुकट राबला. म्हणून एकाच टेबलावर दुर्मीळ नाण्याला ‘कार्ड चालेल’ आणि चांदीच्या ढिगाला ‘रोखच द्या’ असे ऐकू येते. त्यात लबाडी शोधू नये.

शब्दांचा खेळ मात्र आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात यावर मोठा वाद झाला. दोन भाव ठेवावेच लागणार असतील, तर कार्डाच्या भावाला मूळ भाव म्हणा आणि रोखीला सूट द्या, कार्डावर जादा आकार म्हणू नका, असा कार्ड कंपन्यांचा आग्रह होता. रक्कम तीच, पण ‘सूट’ हुकली तर माणूस फारसा हळहळत नाही आणि ‘दंड’ बसला तर चिडतो, हे रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८० च्या निबंधात याच उदाहरणाने दाखवले. आपल्या सराफांना ते केव्हाच ठाऊक होते : देताना ‘वटाव’ आणि घेताना ‘बट्टा’.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकावर टक्केवारीने आकार लावणे समर्थनीय नाही, असे बँकांना बजावले. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर व्यापाऱ्याकडून घ्यायचा आकार शून्य झाला. क्रेडिट कार्डाचा राहिला.

परत मराठवाड्याकडे. १९१८ नंतर हाली नोटाही आल्या आणि त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही किंमत छापलेली असे. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि चलनाचा कारभार तिच्याकडे गेला. नोट वाजवून पाहावी लागत नाही, तिच्यात चांदी कमी-जास्त नसते. तेव्हा बट्ट्यातले झिजेचे कारण संपले. सरहद्दीचे संपले नाही.

आणि १९४७ मध्ये ती सरहद्द एकाएकी तापली. नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले : एकाने मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर निर्बंध घातले, दुसऱ्याने भारतीय चलन राज्यात अवैध ठरवले. शंभर वर्षे जो केवळ दराचा प्रश्न होता, तो एका कागदाने गुन्ह्याचा झाला. कालपर्यंत कलदार घेणारा कापडवाला आज तो घेताना दाराकडे पाहू लागला असेल. व्ही. पी. मेनन यांनी भारत-हैदराबाद तक्रारींत या वटहुकुमांना ठळक जागा दिली आहे, ती उगीच नव्हे.

याच काळात, ३० जानेवारी १९४८ रोजी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि लाखो रुपये लढ्यासाठी नेले. या घटनेतले शौर्य सांगितले जाते. मला तिच्यातला चलनाचा पेच तितकाच महत्त्वाचा वाटतो. लढ्याची शिबिरे सरहद्दीपलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी होती. तिथे खर्च भारतीय रुपयांत. हाली पैसा सीमा ओलांडताच पुन्हा कोणाच्या तरी गादीवर न्यावा लागणार, आणि ज्याचे नाव उघड करता येत नाही अशा पैशाचा भाव गादीवाला ठरवणार.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि राज्य भारतात आले, पण हाली लगेच गेली नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया तिच्या जोडीने चालू लागला. दर तोच, सातास सहा. १९५१ पासून हाली नवी निघणे थांबले. कायद्याने ती पूर्णपणे रद्द झाली १९५९ मध्ये, म्हणजे देशात नवे पैसे येऊन दोन वर्षे झाल्यावर. त्या मधल्या काळात ज्याचे सातशे हालीचे कर्ज होते, त्याचे सहाशे भारतीय झाले. कागदावर कोणी एक पैही गमावली नाही. प्रश्न एवढाच उरे, की सात आण्यांना मिळणारी वस्तू दुकानदार आता सहा आण्यांना देतो की सातांनाच.

आज तोच चारमिनारी रुपया विकत घ्यायचा असेल तर आधी दोन गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात : नाण्याचा भाव किती, आणि पैसे देण्याच्या रीतीचा आकार किती. चांगला विक्रेता दोन्ही वेगळे सांगतो. यूपीआयने दिले, तर दुसरा आकडा बहुधा शून्यच निघतो.