घड्याळजींनी केलेलं रीळ



आजचा विषय वाचून घरची मंडळी हसणार हे मला ठाऊक आहे. मासळीचा आणि माझा संबंध ताटापुरताच. पण अमेरिकेतल्या नातवाला सध्या गळ टाकून मासे धरायचा छंद लागला आहे, आणि त्याने फोनवर मला विचारलं, "आजोबा, मासे पकडायचं बेटकास्टिंग रीळ साठ-सत्तर डॉलरलाही मिळतं आणि पाचशे-सहाशेलाही. काम एकच. मग महागडं घ्यावं का?" वडिलांकडून 'नाही' ऐकून झालं असणार, म्हणून आजोबांकडे अपील! इतिहासाच्या मास्तराला असा प्रश्न विचारला की तो सरळ उत्तर देत नाही, दोनशे वर्षं मागे जातो. ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. पंधरा-वीस दिवस वाचत बसलो. जे हाती लागलं ते इतकं मजेदार निघालं की एकट्या नातवाला सांगून भागेना.

आधी हे यंत्र काय असतं ते पाहू. संक्रांतीला पतंग उडवताना फिरकी धरली असेल तर अर्धं काम झालं. पतंगाने ओढ घेतली की फिरकी गरगर फिरते आणि मांजा सुटतो. बेटकास्टिंग रीळ असंच असतं. काठीला आडवी फिरकी बसवलेली, तिच्यावर दोरा. काठी झटक्याने पुढे नेली की दोऱ्याच्या टोकाचं आमिष पुढे उडतं, आणि उडता उडता फिरकीला फिरवत दोरा ओढून नेतं. ते आमिष किती वजनाचं? बऱ्याचदा तोळा-सव्वा तोळ्याचं! एवढ्याशा वजनाने फिरकी फिरवायची म्हणजे ती किती हलकी फिरायला हवी याचा विचार करा.

आणि फार मोकळी फिरूनही चालत नाही. आमिष हवेत मंदावतं, पाण्यावर पडतं, पण फिरकी आपल्या वेगात फिरतच राहते. जादा सुटलेला दोरा जागच्या जागी असा गुंततो की तो सोडवण्यात सकाळ जाते. तिकडचे लोक त्याला 'पक्ष्याचं घरटं' म्हणतात. पतंग एकदम ढिला पडल्यावर फिरकीवरच्या मांजाचं काय होतं ते आठवा! म्हणून अंगठा फिरकीवर अलगद ठेवायचा आणि वेग आवरायचा. चटकन फिरायचं आणि वेळेवर थांबायचं, या दोन परस्परविरोधी गुणांची सांगड म्हणजे चांगलं रीळ. त्याच्या किमतीचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

आता चला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. तिथे बूरबॉन परगण्यात पॅरिस नावाचं गाव आहे. (फ्रान्सचं नव्हे!) एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास तिथे जॉर्ज स्नायडर नावाचा एक घड्याळजी होता. चांदीकामही करायचा, आणि मासेमारीचा शौकीन. केंटकीच्या नद्यांत ब्लॅक बास नावाचा झुंजार मासा मिळतो, आणि त्याला जिवंत छोटी मासळी आमिष म्हणून लागते. ती दूर फेकायची आणि दोरा भराभर परत गुंडाळायचा, तर साधं रीळ कमी पडे, कारण त्यात मूठ एकदा फिरवली की फिरकीही एकदाच फिरे. दातेरी चक्रं घालून फिरकी जास्त वेळा फिरवणारी रिळं इंग्लंडात आधीही होत होती, पण ती ओबडधोबड, घासणारी, लवकर झिजणारी. स्नायडरने हातातली घड्याळजीची विद्या तिथे लावली. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे चार फेरे, आणि दाते इतके नेमके की घर्षण जवळजवळ जाणवू नये.

हे काम लोहाराला किंवा तांबटाला का जमलं नसतं? तेच तर यातलं मर्म आहे. त्या जुन्या रिळांत आमिष फेकताना फिरकीबरोबर सगळी चक्रं आणि मूठसुद्धा उलटी फिरायची. म्हणजे दात्यांत केसाएवढा खडबडीतपणा राहिला तरी तोळाभर आमिषाचा जोर तिथेच संपायचा. ताणलेल्या कमानीच्या जोरावर दिवसभर चक्रं फिरवणं आणि तोळाभर वजनाच्या जोरावर फिरकी फिरवणं, दोन्हींचं गणित एकच. शक्ती थोडी आहे, ती घर्षणात घालवायची नाही. हे गणित घड्याळजीला पाठ होतं.

स्नायडरच्या पाठोपाठ फ्रँकफर्ट या केंटकीच्या राजधानीत मीक बंधू आले, जोनाथन आणि बेंजामिन. तेही घड्याळजीच. असं सांगतात की मेसन ब्राउन नावाच्या न्यायाधीशांना स्नायडरसारखं रीळ हवं होतं, म्हणून त्यांनी ते थोरल्या मीककडून करून घेतलं, आणि तिथून या घराण्याचा धंदा सुरू झाला. त्यांच्याच हाताखाली बेंजामिन मिलम हा उमेदवार तयार झाला आणि पुढे भागीदारही झाला. गुरू, शिष्य, मग शिष्याचं स्वतंत्र दुकान. आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांसारखंच हे प्रकरण.

ही केंटकी रिळं 'जर्मन सिल्व्हर'ची असत. नाव मोठं, पण त्यात चांदी औषधालाही नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. एकेक दाता कानशीने घासून जुळवलेला. काही रिळांच्या आसाच्या टोकांना घड्याळात असतात तसे खडे बसवलेले. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचे स्क्रू. प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकासाठी वेगळा घडवलेला, म्हणून स्क्रूंवर आणि भोकांवर खुणा कोरलेल्या असत. रीळ उघडणाऱ्याने ज्याचा स्क्रू त्याच्याच घरात घालावा! जेम्स हेन्शल या डॉक्टरांनी १८८१ मध्ये ब्लॅक बासवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर ही मासेमारी देशभर लोकप्रिय झाली आणि केंटकी रिळांचं नावही दूरवर गेलं.

पण अशी रिळं न्यायाधीशांना आणि बड्या वकिलांना परवडायची. शेतावरच्या गड्याने काय करायचं? तो बांबूची काठी आणि दोरा घेऊन नदीवर जायचा, आणि मासे त्यालाही मिळायचे. महाग-स्वस्ताचा वाद घालताना हे विसरायचं नाही.

यानंतर कारखाने आले. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी विल्यम शेक्सपिअर (धाकटे!) यांनी १८९७ मध्ये एका युक्तीचं पेटंट मिळवलं. दोरा गुंडाळताना तो अंगठ्याने इकडून तिकडे सारखा पसरवावा लागे, नाहीतर एकाच जागी ढीग होई. शेक्सपिअरनी फिरकीपुढे आडवा-तिडवा आट्यांचा एक दांडा बसवला. मूठ फिरली की त्यावरची छोटी कडी आपोआप डावी-उजवीकडे सरकते आणि दोरा एकसारखा बसतो. आधी ही चैन होती. तेव्हा अमेरिकन पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. ती संपली, इतर कारखानदारही पुढे सरसावले, आणि हळूहळू ही युक्ती साध्या रिळांतही आली. आज सगळ्यात स्वस्त बेटकास्टिंग रिळातही ती असते आणि तिचं कुणाला कौतुक नसतं.

इकडे हातकारागिरीची सद्दी संपत आली. बेंजामिन मीक १९०१ मध्ये गेले, मिलम १९०४ मध्ये. मीक यांच्या नावाचा धंदा १९१६ मध्ये कनेक्टिकटमधल्या हॉर्टन कंपनीकडे गेला. नाव राहिलं, घराणं संपलं.

१९०५ मध्ये इंग्लंडात इलिंगवर्थ यांनी आणखी एक वेगळाच विचार केला. फिरकी फिरवायचीच कशाला? ती उभी, स्थिर ठेवा, आणि कापडगिरणीतल्या चातीवरून सूत सुटतं तसा दोरा टोकावरून सुटू द्या. या प्रकारात फिरकी हलत नाही, म्हणून घरटंही क्वचितच होतं आणि अंगठा शिकवावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिळं अमेरिकेत प्रचंड खपली. सामान्य माणसाने अवघड यंत्र सोडून सोपं धरलं, यात नवल काय?

तरी फिरती फिरकी मेली नाही. तिला नवं आयुष्य दिलं ते पुन्हा घड्याळवाल्यांनी! स्वीडनमध्ये स्वेंगस्टा गावी १९२१ साली कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉम यांनी एक कारखाना काढला. त्याचं नाव 'आब' म्हणजे कंपनी आणि 'उरफाब्रिकेन' म्हणजे घड्याळांचा कारखाना, यावरून 'आबू' पडलं. तिथे खिशातली घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर होत. महायुद्धात टॅक्सीच्या मीटरांना गिऱ्हाईक उरेना, तेव्हा कुशल कामगारांच्या हाताला काम हवं म्हणून रिळं करायला घेतली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं लाल रंगाचं 'अँबॅसडर ५०००' आलं. त्यात आमिष फेकताना चक्रं आणि मूठ सुटी होत, फक्त फिरकी फिरे. शिवाय वेग वाढला की बाहेर सरकून हलकेच घासणारे छोटे ठोकळे, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक. निम्मं काम अंगठ्याचं वाचलं. पुढे जपान्यांनी चुंबकाचे ब्रेक आणले, आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिमानो कंपनीने फिरकीचा वेग मोजून ब्रेक लावणारं इलेक्ट्रॉनिक यंत्रही रिळात बसवलं. सुरुवातीला ते पाचशे डॉलरच्या आसपासच्या रिळांत होतं. पंधरा-वीस वर्षांत दोनशेच्या आत आलं. शिमानोची सुरुवातही १९२१ चीच, तीही साकाई गावातून, जिथे पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या-चाकू घडवले जातात. धार लावणारे आणि घड्याळ जुळवणारे, दोघांनाही केसाएवढा फरक दिसतो.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळू. एवढं वाचल्यावर मला दिसतं ते असं, की महाग रिळाच्या किमतीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट नव्या युक्तीची. सारखा दोरा गुंडाळणारी कडी, सुटी फिरकी, आपोआप लागणारा ब्रेक, इलेक्ट्रॉनिक मेंदू. या बाबतीत दोनशे वर्षांचा अनुभव एकच सांगतो. आज जी युक्ती श्रीमंताची, ती पंधरा-वीस वर्षांनी सर्वांची. थांबायची तयारी असेल तर काळ ती जवळजवळ फुकट देतो. तेव्हा केवळ 'नवं आहे' म्हणून दुप्पट पैसे मोजण्यात मला शहाणपण दिसत नाही. खोक्यावर 'अमुक इतकी बेअरिंग्ज' छापलेलं असतं, त्यानेही भुलू नये. दहा सुमार बेअरिंगांपेक्षा चार चांगली बरी.

दुसरी गोष्ट आहे ती जुळणीची आणि दुरुस्तीची. ही काळ स्वस्त करत नाही. दाते नेमके बसले आहेत का, सांगाडा जोर आल्यावर वाकत नाही ना, खाऱ्या पाण्याने आतला धातू गंजत नाही ना, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उघडून साफ करता येतं का, सुटे भाग मिळतात का. जुन्या अँबॅसडरच्या चामडी पेटीत रिळाबरोबर पाना, तेलाची नळी आणि लवकर झिजणारे सुटे भागही दिलेले असत. म्हणजे कारखानाच गिऱ्हाइकाला सांगत होता, बाबा रे, हे तू उघडणार आहेस, दुरुस्त करणार आहेस, आणि वापरत राहणार आहेस. सत्तर वर्षांपूर्वीची ही रिळं लोक आजही पाण्यावर नेतात, ती यामुळेच. सत्तर डॉलरचं रीळ तीन हंगामांत झिजून कचऱ्यात गेलं, तर ते स्वस्त कसं म्हणायचं?

म्हणून माझा निकाल असा. नव्याने शिकणाऱ्याने महाग रीळ घेऊ नये. अंगठा तयार व्हायला घरटी व्हावीच लागतात, आणि ती महाग रिळातही होतात. वर्षातून चार वेळा नदीवर जाणाऱ्यानेही नको. दर आठवड्याला जाणाऱ्याने, हलकी आमिषं फेकणाऱ्याने, समुद्रावर जाणाऱ्याने मात्र अगदी स्वस्तावरून मधल्या किमतीवर जरूर जावं, कारण सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. मधल्यापासून अगदी वरच्या किमतीपर्यंत जाताना पैसे दुप्पट-तिप्पट होतात आणि फरक बोटांनाच, तोही जाणत्या बोटांना, कळेल इतका उरतो. ज्याला तो कळतो त्याने खुशाल घ्यावं. एखाद्याने चांगल्या तंबोऱ्याला पैसे दिले तर आपण त्याला उधळ्या म्हणत नाही.

आणि घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा. हे उघडलं तर परत जुळवता येईल का? मीकने स्क्रूंवर खुणा कोरल्या त्या हाच प्रश्न मनात धरून.

असो. फार लांबलं. तुमच्या घरी पिढी-दोन पिढ्या दुरुस्त होत होत चाललेली एखादी वस्तू असेल, घड्याळ, शिवणयंत्र, सायकल, काहीही, तर तिची हकीकत मला जरूर कळवा. वाचायला आवडेल.